उपकार कुणाच्या खिशातून?

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने मांजरसुंब्यापर्यंत यायचे आणि तिथून पाटोद्याकडे वळायचे, की बालाघाटाच्या कुशीत लिंबागणेश लागते. गावाची ओळख भालचंद्र गणपतीमुळे. चंद्र गणपतीच्या रूपाला हसला, त्याला शाप मिळाला आणि त्या शापातून सुटण्यासाठी त्याने इथे तप केले, अशी इथली श्रद्धा आहे. तप फळाला आले आणि गणपतीने चंद्राला थेट आपल्या कपाळावर घेतले. या कथेतली एक गोष्ट मात्र आपण फारशी मनावर घेत नाही. देवाच्या कपाळावर जागा मिळालेल्या चंद्राचीही शिक्षा पुरती माफ झाली नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्राकडे पाहू नये, हा दंडक आजही घराघरांत पाळला जातो. इतका जवळचा, इतका लाडका, तरी नियम आपल्या जागी राहिला. आपल्या माणसाला जवळ घ्यावे, पण त्याच्यासाठी नियम वाकवू नये, ही गोष्ट लिंबागणेशच्या मातीला नवी नाही.

आज ९ डिसेंबर. २००३ साली याच दिवशी मेक्सिकोतल्या मेरिडा शहरात संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार सह्यांसाठी खुला झाला आणि तेव्हापासून हा दिवस जगभर आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी दिन म्हणून पाळला जातो. बीड जिल्ह्यासाठी मात्र या तारखेला आता दुसराच अर्थ आला आहे. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे न वळता उलट्या अंगाला केजच्या दिशेने गेले, की मस्साजोग येते. त्या गावचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची हत्या झाली ती ९ डिसेंबर २०२४ रोजी. पवनऊर्जा प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेली खंडणी, ६ डिसेंबरला प्रकल्पाच्या जागेवर झालेली मारहाण, आपल्या गावच्या माणसाला मार बसला म्हणून धावून गेलेला सरपंच आणि तीन दिवसांनी सापडलेला त्याचा देह, हा क्रम जिल्ह्यातल्या लहान पोरालाही पाठ झाला आहे. खटला न्यायालयात आहे, दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण हत्येनंतर केज ठाण्यातला एक उपनिरीक्षक निलंबित झाला, निरीक्षकाला सक्तीच्या रजेवर जावे लागले, आणि लोकांच्या मनात तेव्हापासून जो प्रश्न ठाण मांडून बसला आहे तो साधा आहे. ६ तारखेला वर्दी जिथे उभी राहायला हवी होती तिथे उभी राहिली असती, तर ९ तारीख उजाडली असती का?

या प्रश्नाच्या पोटात आजच्या लेखाचा विषय आहे. सरकारी खुर्ची दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीसाठी वापरणे. स्वतः पैसा न घेता, निदान उघडपणे न घेता, ‘आपल्या माणसाचे’ काम करून देणे.

लाच घेणाऱ्याला आपण भ्रष्ट म्हणतो. त्याला पकडायला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, १०६४ हा क्रमांक आहे, पावडर लावलेल्या नोटा आणि सापळा आहे. वशिल्याला मात्र सापळा नाही. वशिला हा शब्द अरबी ‘वसीला’वरून आला. साधन, मध्यस्थ हा त्याचा मूळ अर्थ. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीचे कितीतरी शब्द आपण त्या काळापासून वापरत आलो आहोत: अर्ज, दाखला, शिफारस, वशिला. राज्य गेले, हैदराबाद गेले, जिल्हाधिकारी आले, संगणक आले. वशिला मात्र जिथल्या तिथे राहिला, आणि वाईट म्हणजे त्याला प्रतिष्ठा आली. ‘अमक्याची वट आहे’ हे वाक्य आपल्याकडे तक्रार म्हणून उच्चारले जात नाही, कौतुकाने उच्चारले जाते. मुलीचे स्थळ बघताना मुलाच्या मामाची मंत्रालयात ओळख आहे, हा गुण म्हणून सांगितला जातो.

या प्रतिष्ठेची किंमत काय असते, हे एका तालुक्याच्या कचेरीत जवळून पाहायला मिळाले. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जासाठी एक बाई आल्या होत्या. वय चाळिशीच्या आसपास, नवरा गेलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आधार, पासबुकाची झेरॉक्स. प्रत्येक कागद वेगळ्या दारातून आणलेला, प्रत्येक दारासाठी एक दिवसाची मजुरी बुडालेली. त्यांचा अर्ज टेबलावरच्या गठ्ठ्यात वरून चौथा होता, त्यांनी तो स्वतः तिथे ठेवताना पाहिला होता. तेवढ्यात कारकुनाचा फोन वाजला. ‘हो दादा, हो, करून टाकतो, आपलाच माणूस आहे म्हटल्यावर काय.’ फोन ठेवून त्याने खालच्या कप्प्यातून एक फाईल काढली आणि गठ्ठ्याच्या अगदी वर ठेवली. कुणाला तो काही बोलला नाही, कुणावर ओरडला नाही. बाईंची फाईल चौथी होती ती पाचवी झाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणखी दोन फोन आले. सातव्या फाईलपर्यंत त्या दिवशी कुणाचा हात पोहोचला नाही. बाई उठल्या, पिशवीला गाठ मारली आणि ‘मंगळवारी येते’ म्हणून निघून गेल्या. त्या अनुदानाची रक्कम महिन्याला दीड हजार रुपये आहे. त्यातून त्या दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे वजा करून पाहावे.

वरून एक फाईल ठेवली, की खालच्या सगळ्या फायली एकेक जागा खाली सरकतात. खुर्चीवरून केलेल्या उपकाराचा सगळा हिशेब एवढाच आहे. त्या कारकुनाने स्वतःच्या खिशातून काही दिले नाही. त्याच्याजवळ द्यायला स्वतःचे काही नव्हतेच. त्याने रांगेतल्या बाईच्या वाट्याचे काढले आणि दादाच्या माणसाला दिले. दादाने त्याचे आभार मानले, माणसाने दादाचे आभार मानले, आणि ज्या बाईच्या जिवावर हा व्यवहार झाला तिला यातले काहीच कळले नाही. लाचेत निदान देणाऱ्याला आपले पैसे गेल्याचे कळते. वशिल्यात ज्याचे जाते त्याला ते कधीच कळत नाही. म्हणूनच वशिल्याची फिर्याद कुणी करीत नाही आणि तो करणाऱ्याला आपण चोरी केली असे वाटतही नाही.

हे खालच्या टेबलापुरते आहे असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदाला या रोगाने एकदा नव्हे, अनेकदा ग्रासले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सिमेंटच्या वाटपाचा संबंध मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्यांशी जोडला आणि बॅरिस्टर अंतुले यांना पद सोडावे लागले. १९९९ साली मनोहर जोशी यांचे मुख्यमंत्रिपद गेले तेव्हा पुण्यातला शाळेसाठी राखलेला भूखंड चर्चेत होता. त्या जागेवर त्यांच्या जावयाची इमारत उभी राहिली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात २०११ मध्ये निकाली निघाले. तोवर ज्या मुलांनी त्या शाळेत जायचे ती दहावी-बारावी उलटून गेली असतील.

पण मराठवाड्याने आठवणीत ठेवावे असे प्रकरण मधले आहे. जून १९८५ मध्ये लातूर जिल्ह्यातले शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते, आपल्या भागाचा माणूस सर्वोच्च खुर्चीवर बसला याचा आनंद इथल्या गावागावांत होता. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत त्यांच्या मुलीचे गुण वाढवल्याची तक्रार एका परीक्षार्थी डॉक्टरने न्यायालयात नेली. उच्च न्यायालयाने ओढलेल्या ताशेऱ्यांनंतर मार्च १९८६ मध्ये निलंगेकरांनी राजीनामा दिला. पुढे ते अपिलात गेले आणि डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. या प्रकरणातला खरा धडा एका बारीक प्रश्नात आहे. परीक्षकाने गुण फिरवले ते कुणाच्या सांगण्यावरून, की कुणाला खूश करण्यासाठी? न्यायालयांनी त्यावर बराच काथ्याकूट केला. सामान्य माणसाला मात्र त्या प्रश्नातूनच उत्तर मिळते. मोठ्या खुर्चीला तोंड उघडावे लागत नाही. खालच्याला वरच्याचे मन ओळखायची सवय लागली, की हुकूम न देताच कामे होतात. म्हणून मोठ्या पदावरच्या माणसाने ‘मी कुणाला सांगितले नाही’ एवढे म्हणून भागत नाही. आपल्या नावाने कुणी काही करू नये, हे त्याने आधीच आणि स्पष्टपणे सांगायला हवे.

वर जे होते ते खाली झिरपते. राज्याच्या शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरप्रकार डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर आला तेव्हा परीक्षा परिषदेचे आयुक्त तुकाराम सुपे यांना अटक झाली. २०१९-२० च्या परीक्षेतल्या ७,८७४ उमेदवारांवर पुढच्या वर्षी कारवाई झाली. ही संख्या वाचताना आपल्याला डोळ्यांपुढे ७,८७४ जण दिसतात. खरे तर दिसायला हवेत ते दुसरे, जे प्रामाणिकपणे अभ्यास करून बसले आणि ज्यांची नावे कुठल्याही यादीत आली नाहीत. त्यांची मोजणी कुणी केली नाही, करता येणारही नाही.

बीड जिल्हा परिषदेत दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांच्या आधारे बदलीत सवलत घेतलेल्या शिक्षकांची फेरतपासणी झाली, ती अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात. त्यानंतर पन्नासहून अधिक शिक्षकांवर निलंबनाची कारवाई झाली. प्रत्येकाचा न्याय त्याच्या त्याच्या चौकशीत होईल. पण त्या कागदावर सही करणारा हातही सरकारी होता, हे विसरून चालणार नाही. ओळखीच्या गुरुजींना शहराजवळची शाळा मिळावी म्हणून कुणी टक्केवारी फुगवली असेल, तर त्याने आणखी एका माणसाचा घात केला. ज्याचा पाय खरोखर अधू आहे आणि जो डोंगरपट्ट्यातल्या शाळेत कुबडी टेकत चढतो, त्याच्या खऱ्या कागदाकडेही आता लोक संशयाने बघू लागले.

या जिल्ह्यात या विषयाला आणखी एक बाजू आहे, ती इतरत्र इतकी ठळक दिसत नाही. आज डिसेंबर आहे. गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. बालाघाटावरच्या गावांतून, लिंबागणेशच्या पंचक्रोशीतूनही, ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पोहोचल्या. घरांना कुलपे आहेत, ओट्यावर म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली एखाद-दुसरी पोरे आहेत. सरकारी यादी अशा वेळी कागदावर येते तेव्हा कोण असते आणि कोण नसते? २०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीने मराठवाडा धुऊन काढला. सिंदफणेच्या काठाने शेतेच्या शेते खरवडून गेली. राज्य सरकारने ऑक्टोबरात ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. ती शेतकऱ्याच्या खात्यावर पोहोचते ती पंचनाम्याच्या वाटेने. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कृषी सहायक आणि ग्रामसेवक, या तिघांच्या लेखणीवर कुणाचे किती वाहून गेले हे ठरते. जो हजर आहे, ज्याची ऊठबस आहे, ज्याचा फोन लागतो, त्याचे नुकसान कागदावर नीट उतरते. जो फडात कोयता चालवतो आहे त्याच्यासाठी फोन करणारा कुणी नसतो. वशिला म्हणजे नुसती ओळखीची गोष्ट नव्हे, हजर असणाऱ्याने गैरहजर माणसाचे घेणे ही त्याची खरी व्याख्या आहे.

ही भीती काल्पनिक नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यात, अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत, नैसर्गिक आपत्तीच्या अनुदानाचे पैसे भलत्याच खात्यांवर वळवल्याचे प्रकरण २०२५ मध्ये उघडकीस आले. अनेक तलाठी आणि कारकून निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. काम संगणकावर आले म्हणजे वशिला संपेल, असे आपल्याला सांगितले गेले होते. प्रत्यक्षात वरिष्ठाच्या लॉगिनचा पासवर्ड खालच्याच्या हाती आला आणि यादीत नावे शिरली. यंत्र आपण बदलले, माणसाची सवय मात्र तीच राहिली.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चे आहेत. कर्मचाऱ्याने सचोटीने वागावे, आपल्या पदाचा वापर करून नातेवाइकाला खासगी कंपनीत नोकरी लावू नये, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा सांगतो, की कुठलीही फाईल एका टेबलावर साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडू नये. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा मुदतीत दाखला न देणाऱ्याला दंड लावतो. कागदोपत्री नागरिक राजा आहे.

मात्र एका ठिकाणी कायद्याचे पाऊल मागे पडले आहे आणि त्याची चर्चा गावपातळीवर झालीच नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १३ मध्ये एक उपकलम होते. लोकसेवकाने पदाचा गैरवापर करून स्वतःसाठी ‘किंवा अन्य कोणाही व्यक्तीसाठी’ आर्थिक लाभ मिळवला, तर तो गुन्हा. २६ जुलै २०१८ पासून ती तरतूद वगळली गेली. कारण दिले गेले ते अगदीच खोटे नव्हते. प्रामाणिक अधिकारीही निर्णय घ्यायला घाबरतात, उद्या कुणाला फायदा झाला म्हणून आपल्याला कोर्टात उभे करतील या भीतीने सहीच करीत नाहीत, असे म्हटले गेले. त्याच दुरुस्तीने अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाच्या चौकशीसाठी आधी परवानगी घेणेही बंधनकारक केले. परिणाम असा, की नोटांची देवघेव सिद्ध करता आली तर गुन्हा, पण खुर्चीच्या जोरावर मेहुण्याला, मित्राला, नेत्याच्या माणसाला लाभ करून दिला तर फौजदारी कायद्याचा हात सहज पोहोचत नाही. ज्या आंतरराष्ट्रीय कराराचा आज वाढदिवस आहे आणि ज्याला भारताने २०११ मध्ये मान्यता दिली, त्याचे १९ वे कलम मात्र पदाच्या अशाच गैरवापराकडे बोट दाखवते, स्वतःसाठी असो वा दुसऱ्यासाठी. प्रामाणिक अधिकाऱ्याला संरक्षण हवेच. पण ते देताना ‘दुसऱ्यासाठी’ हा शब्दच पुसून टाकणे हा उपाय नव्हे. तो शब्द नेमक्या व्याख्येसह परत आला पाहिजे, ही मागणी बीडच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत आणि विधिमंडळात लावून धरावी.

कुणी म्हणेल, वशिला नसता तर कितीतरी गरिबांची कामेच झाली नसती. इस्पितळात खाट मिळत नाही म्हणून ओळखीच्या साहेबाला फोन केला, तर त्यात काय पाप? हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही, कारण तो आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी स्वतःला विचारला आहे. मदत आणि वशिला यांच्यातली रेघ ओळखायला एक साधी कसोटी आहे. अधिकाऱ्याने एखाद्यासाठी जे केले ते त्याच अवस्थेतल्या दुसऱ्या कुठल्याही अनोळखी माणसासाठी तो करील का? अडाणी म्हातारीचा अर्ज भरून देणे, चुकलेला कागद दाखवून देणे, दुपारची सुट्टी सोडून लांबून आलेल्याचे काम करणे, ही माणुसकी. ती कुणाच्याही वाट्याचे घेत नाही, देणारा स्वतःच्या वेळेतून आणि कष्टांतून देतो. फोन आला म्हणून गठ्ठ्यात फाईल वर चढवणे हा वशिला, कारण तो दुसऱ्याच्या वाट्यातून दिला जातो. आणि खाट मिळवायला ओळख लागते, तेव्हा त्याचा अर्थ ओळख चांगली असा नसून खाटा कमी आहेत आणि त्या कुणाला द्यायच्या याचा नियम कुठे लिहून लावलेला नाही, असा असतो.

ही रेघ पाळणारी माणसे आहेत. त्यांना ती पाळण्याची किंमत मोजावी लागते. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातली एक तरुण डॉक्टर फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयात काम करीत असताना जिवानिशी गेली. आरोपींच्या तंदुरुस्तीचे दाखले हवे तसे मिळावेत म्हणून आपल्यावर दबाव येतो, अशी लेखी तक्रार तिने काही महिने आधीच वरिष्ठांकडे केली होती, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तिच्या मृत्यूमागच्या गोष्टींचा निवाडा न्यायालयात होईल. पण त्या तक्रारीच्या कागदाचे काय? सरकारी नोकरीत लागलेल्या एका शेतकऱ्याच्या लेकीने ‘माझी सही दुसऱ्याच्या सोयीसाठी नाही’ अशा अर्थाचे लेखी कळवले होते. त्या कागदाला वेळेत उत्तर मिळाले असते, तर आजचा दिवस पाळण्याचा आपल्याला काही अधिकार राहिला असता. नाही म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची व्यवस्था जोवर नाही, तोवर सचोटीच्या शपथा हा नुसता उपचार राहील.

बीडच्या पोलिसांनी २०२५ मध्ये एक छोटा बदल केला. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांच्या काळात पोलिसांच्या छातीवरच्या पाट्यांवरून आडनावे काढली गेली, फक्त पहिले नाव राहिले. आडनावावरून जात आणि जातीवरून ‘आपला की त्यांचा’ हे ठरू नये, हा त्यामागचा हेतू. काहींना ते नाटक वाटले असेल. आम्हाला ते महत्त्वाचे वाटते, कारण रोगाचे नेमके ठिकाण त्यात ओळखले आहे. ठाण्याच्या दारात उभ्या माणसाने आत पाहण्याआधी पाटी वाचायची आणि आपले काम होईल की नाही याचा अंदाज बांधायचा, ही आपल्या जिल्ह्याची सवय झाली होती. पाटी बदलली. आता समोरच्याला ‘कुठले तुम्ही, कुणाचे तुम्ही’ असे विचारण्याची सवयही बदलली पाहिजे. कचेरीत विचारायचा पहिला प्रश्न एकच असावा: काम काय आहे?

आता आपल्या स्वतःविषयी. फोन उचलणारा दोषी असेल, तर फोन लावणाराही दोषी आहे. पुढाऱ्याच्या दारात सकाळी जमणाऱ्या गर्दीत निम्मे लोक आपल्या हक्काचे मागायला आलेले असतात, कारण ते सरळ मार्गाने मिळाले नाही. उरलेले निम्मे दुसऱ्याच्या हक्काचे मागायला आलेले असतात. दोघेही हात जोडूनच उभे असतात, त्यामुळे फरक दिसत नाही. नेत्याच्या चिठ्ठीने हक्काचे काम झाले तरी त्याचे बिल पुढे मतपेटीत भरावे लागते. अशी माणसे एकदा मिंधी झाली, की खंडणीखोर गावात आल्यावर त्याच्यापुढे उभे राहायला एकटा सरपंच उरतो. मस्साजोगची गोष्ट नुसत्या गुंडगिरीची नाही. आधी वर्षानुवर्षे ‘आपल्या माणसासाठी’ वाकलेल्या खुर्च्यांची ती शेवटची पायरी आहे.

बीडच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर धरणे धरणाऱ्यांत, अर्ज घेऊन माहितीचा अधिकार वापरणाऱ्यांत लिंबागणेशच्या माणसांचे नाव जिल्ह्याला परिचित आहे. म्हणून एक सूचना याच गावाला करावीशी वाटते. घरकुल असो, निराधारांचे अनुदान असो की अतिवृष्टीची मदत, प्रत्येक यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावी, नावासमोर क्रमांक आणि अर्जाची तारीख असावी, आणि क्रम बदलला तर का बदलला ते त्याच ओळीत लिहिलेले असावे. यादीचे वाचन टोळ्या गावाबाहेर पडण्याआधी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत व्हावे. त्यानंतर जी नावे घालायची वा काढायची असतील ती टोळ्या परत आल्यावरच्या ग्रामसभेपर्यंत थांबावीत. आणि कचेरीत येणाऱ्या प्रत्येक शिफारशीची, मग ती चिठ्ठीने येवो की फोनने, एका वहीत नोंद व्हावी: कुणी केली, कुणासाठी केली, काय केले. ही वही मागेल त्याला पाहता यावी. चांगल्या कामासाठी फोन करणाऱ्याला या वहीत आपले नाव आल्याचे काही वाटणार नाही. ज्याला वाटेल, त्याचा फोन आपोआप बंद होईल. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक वही आणि ती उघडी ठेवण्याची हिंमत लागते.

आज संध्याकाळी लिंबागणेशात दिवे लागतील तेव्हा अनेक घरांची कुलपे तशीच असतील. त्या घरांची माणसे शेकडो मैलांवर उसाच्या पाचटाची खोपी करून राहिली आहेत आणि हंगाम संपला की परततील. त्यांच्या वतीने कचेरीत फोन करणारे कुणी नाही. त्यांची नावे यादीत जिथे होती तिथेच त्यांना सापडली, त्यांची फाईल गठ्ठ्यात चौथी होती ती चौथीच राहिली, तर समजावे, या जिल्ह्याने ९ डिसेंबर खऱ्या अर्थाने पाळला.